शाकाहारी गाईची टाकी

लंपीच्या वर्षी आमच्या गावात माणसांपेक्षा गुरांची बडदास्त जास्त होती. मी राहते जळगावात, पिंप्राळ्याला, आणि शाळेत इतिहास शिकवते. माझे वडील, म्हणजे आबा, चोपड्याकडच्या आमच्या गावी एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि गाय. ही गाय आईने वासरू असल्यापासून वाढवलेली. आई गेल्यावर आम्ही आबांना पिंप्राळ्याला चला म्हणून पुष्कळ विनवलं. त्यांनी एकदा येऊन आमच्या फ्लॅटची पाहणी केली, गॅलरीत उभे राहून डावी-उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, "अठे गायले वळता नही येस." गाईला वळायला जागा नाही तिथे आबा राहणार नाहीत, विषय संपला. जावयाने केलेला चहासुद्धा त्यांनी अर्धाच घेतला.

त्या पावसाळ्यात गुरांना लंपी लागला, अंगावर गाठी उठायला लागल्या. जनावर तापाने फणफणायचं, चारा सोडायचं, पाय सुजायचे. जनावरांचे डॉक्टर गावात आले. त्यांनी लस टोचली आणि मारुतीच्या देवळापुढे गावाला सगळं समजावून सांगितलं. हा रोग माशा, डास, गोचिडांमुळे एका जनावराचा दुसऱ्याला होतो. आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचं पाणी वेगळं ठेवा, गोठ्यात धूर करा, माणसाला हा रोग होत नाही. गावाने शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

आबांना लसच पटली नव्हती, कारण ती मुळात शेळ्यांच्या देवीची आहे असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. "बकरीनी लस गाईले? मंग गाय बें बें करी ना," असं ते म्हणाले. पण टोचून घेतली, आणि पुढचे काही दिवस गाय हंबरली की दारात जाऊन कान देऊन ऐकत होते.

मी गणपतीत गावी गेले तेव्हा गावाचा नूर पालटला होता. घराघरात कोरा चहा. दूध ज्यांना सोडवेना ते लोक ते इतकं उकळत की पातेल्यात रबडी उरायची. पोळ्याला बैल दारोदार फिरवू नका असं सांगितलं होतं, म्हणून बैल गोठ्यात राहिले आणि पुरणपोळ्या मात्र दारोदार फिरल्या. धार काढणाऱ्या बाईच्या हातचं हळदीकुंकू लावून घ्यायला बायका कपाळ पुढे करायच्या आणि बाकीचं अंग मागे ठेवायच्या. जो रोग माणसाला होत नाही त्याला गाव इतकं घाबरत होतं, आणि जो होतो त्याची सोय सगळं गाव मिळून करत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. आमच्या भागात अशा गोष्टी नंतरच कळतात.

सोय झाली ती अशी. देवळापुढे गुरांना पाणी पाजायचा सामाईक हौद होता. संध्याकाळी चरून आलेली सगळी गुरं तिथे एकदम तोंड घालायची. आबा गल्लीतले जाणते. त्यांनी पारावर सांगितलं, हौद बंद करा, ज्याने त्याने आपल्या दारात टाकी ठेवावी, उष्टं पाणी एकमेकांच्या जनावराला नको. बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. गल्लीने ते मानलं. कोणी सिमेंटची टाकी आणली, कोणी टिपाड उभं कापलं, आणि एकाने बंद पडलेला फ्रीज आडवा करून त्यात पाणी भरलं. त्याची म्हैस त्यातून अशा थाटात पाणी प्यायची की शेजारच्या म्हशीला वाईट वाटावं.

आता नळाला पाणी यायचं आठवड्याने, कधी त्याच्याही पुढे. म्हणून टाकी काठोकाठ भरायची आणि खाली गेलं तेवढंच वर टाकायचं. भरलेलं पाणी ओतून देणारा माणूस आमच्याकडे वाया गेलेला समजतात. त्यात गाईचं पाणी म्हणजे आबांच्या लेखी तीर्थ. ते ओतून द्यायचं कसं? टाकीतल्या पाण्याला हिरवा रंग आला, मग त्यात बारीक बारीक काहीतरी वळवळू लागलं. मी विचारलं, आबा, हे काय? "पानीना जीव शेत," ते म्हणाले. "कोनले काय तरास देतस?" आणि टाकीत वाकून त्यांनी त्या जिवांकडे कौतुकाने बघितलं.

डासांबद्दल आबा बेसावध होते असं नाही. डॉक्टरांनी डास म्हटल्याबरोबर त्यांनी पेटीतून आईच्या हातची मच्छरदाणी काढली, गोठ्यात चार मेढी रोवून ती गाईवर बांधली, आणि स्वतः शेजारी उघड्यावर खाट टाकली. गाईला ती मच्छरदाणी आवडली. तिने एक कोपरा खाऊन टाकला. आबांनी तिथे माझ्या जुन्या ओढणीचं ठिगळ लावलं. दिवसभर ते गाईजवळ, टाकीला टेकून बसत, शेपटी पोचत नाही तिथल्या माशा उपरण्याने वारत. मी म्हटलं, तुम्हाला डास चावतील. तर म्हणाले, मला चावू देत, पोट भरलं की गाईकडे जाणार नाहीत.

आरोग्य खात्याची एक ताई माझ्यासमोरच आली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात गप्पी मासे.

"आबा, हे टाकीत सोडते. अळ्या खातात. मग डेंगू होत नाही."

आबांनी पिशवी डोळ्यांजवळ धरून पाहिली. "मन्ही गाय शाकाहारी शे," ते म्हणाले.

"गाय नाही खाणार मासे, आबा."

"तेच सांगी राहिनू. पानी पेता पेता एखादा तोंडमा गया मंग?"

"मासा पळतो हो."

"आन नही पळना मंग?"

ताईंनी पिशवी परत स्वतःच्या हातात घेतली. मग त्या म्हणाल्या, मासे नको तर आठवड्यातून एकदा टाकी ओतून, घासून, कोरडी करा. आबांनी विचारलं, "नळले पानी तू सोडस का?" त्या बिचाऱ्या पिशवी घेऊन पुढच्या दाराशी गेल्या. पण तोवर बातमी त्यांच्यापुढे गेली होती. आबांच्या गाईला चालत नाहीत ते मासे आमच्या म्हशीला कसे चालतील, असं दारोदारी झालं. आडव्या फ्रीजवाल्याने तर दार लावून घेतलं. मासे आले तसे परत गेले.

मी चरफडत पिंप्राळ्याला परत आले. आबांशी वाद घालायचा नाही असं आम्हा भावंडांचं ठरलेलं आहे, कारण ते कधी चुकत नाहीत. एकदा शिरपूरला जायचं असताना ते धुळ्याच्या गाडीत बसले. धुळ्याला उतरल्यावर त्यांनी कंडक्टरला सुनावलं की तुमची गाडी चुकीच्या गावाला आली आहे. असा माणूस.

पितृपक्ष लागला आणि शेजारच्या अक्कांचा फोन आला. "पोरी, तुन्हा बाप पारवर दिसना नही. दार लाईसन बशेल शे. एकदा ये." मी आबांना फोन लावला. ते म्हणाले, सगळं ठीक आहे. पण हे बोलताना मध्ये दोनदा दम घेतला. मी शाळेत रजा टाकली आणि गाडी काढली.

दार आतून लावलेलं होतं. मी मागच्या वाडग्यातून, म्हणजे कुंपण घातलेल्या परसातून, गोठ्यात शिरले. गाय मच्छरदाणीत उभी. तिच्या पाठीवर, मानेवर गाठी उठल्या होत्या, पण डोळे स्वच्छ होते आणि ती चारा खात होती. खाटेवर आबा दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते. डोळे लाल, ओठ सुकलेले. हात लावला तर चटका बसला.

"हळू बोल," ते म्हणाले. "नानानी ऐकं तं गाय गयी समज."

नाना म्हणजे गोठ्याच्या भिंतीपलीकडचे शेजारी, आबांचे बालमित्र. मला आधी काही कळेना. मग आबांनी धापा टाकत सांगितलं. गाईवर गाठी उठल्या तेव्हाच गल्लीत कुजबुज सुरू झाली होती की हिला सातपुड्याच्या पायथ्याला, रानात सोडून यायला हवं. आबांनी कसंबसं थोपवलं होतं. आता त्यांनाच ताप आला आहे हे बाहेर पडलं तर? "लोके म्हणतीन, गाईना रोग मालकले लागना. मंग ठेवतीन का तिले?" म्हणून त्यांनी अंग दुखून हाडं मोडायची वेळ आली तरी हू की चू केलं नव्हतं. गाय वाचावी म्हणून स्वतः मरायची तयारी चालली होती, आणि तीसुद्धा आवाज न करता.

मला इतका राग आला की रडू आलं. दवाखान्यात चला म्हटलं तर नाही. गाडी गल्लीतून जाईल, लोक बघतील, विचारतील. शेवटी मीच म्हटलं, आपण लग्नाला जातोय असं सांगू. लग्नाला जाणाऱ्या माणसाला कोणी ताप आहे का विचारत नाही. हे त्यांना पटलं. त्या तापात त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला, कडक टोपी घातली, अंगावर उपरणं टाकलं, आणि मला कपाळावर टिळा लावायला सांगितलं. टिळा घामाने ओघळत होता. मी तो दोनदा पुसून लावला. त्यांना गाडीत ताठ बसवलं आणि डोकं मागे टेकू नका असं बजावलं.

नाना नेमके दारातच उभे.

"कोठे चालनात, आबा?"

"लगनले."

नानांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आबांकडे. "पितरेसना दिवसमा?"

पितृपक्षात आमच्याकडे नवा झाडूसुद्धा आणत नाहीत, आणि आम्ही टोपी-उपरणं घालून लग्नाला निघालो होतो. मी तोंड उघडायच्या आत आबा शांतपणे म्हणाले, "कोर्टमा शे."

आमच्या सात पिढ्यांत कोर्टात लग्न झालेलं नव्हतं. नानांचं तोंड उघडंच राहिलं. बहुधा सांत्वनासाठी म्हणून त्यांनी खिडकीतून आबांच्या हातावर हात ठेवला. क्षणभरच. मग तो हात त्यांनी झटक्यात मागे घेतला आणि धोतराला पुसला. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आबांची मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि टोपी गिअरच्या दांड्यावर.

चोपड्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डेंगू. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. सलाईन लागलं. डास कुठे चावले असतील असं त्यांनी विचारलं, मी टाकीचं वर्णन केलं. ते म्हणाले, हा डास साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, गाईच्या आजाराचा याच्याशी काही संबंध नाही. आबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन. त्या रडवेल्या झाल्या होत्या. गावभर झालं होतं की आबांना लंपी झाला. एकाने तर आबांच्या मानेवर गाठ पाहिली होती, जी त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेची होती. गल्ली देवळापुढे जमली होती. गाय आत्ताच्या आत्ता डोंगराकडे सोडायची ठरली होती, टेम्पोही आला होता, त्यात भुस्सा अंथरला होता. फक्त टेम्पोवाला गाठी बघून नाही म्हणत होता आणि सगळे त्याला समजावत होते. समजावताना त्याला काय सांगत होते माहीत आहे? की अहो, हा रोग माणसाला होत नाही.

मी नानांना फोन लावला. माझा वर्गातला आवाज काढला. म्हटलं, नाना, तपासणी झाली आहे, डेंगू आहे, रिपोर्ट माझ्या हातात आहे.

नाना म्हणाले, "पोरी, माणूसना डॉक्टर माणूसनाच रोग लिखी. त्याले ढोरना रोग कसा समजी?"

मी इतकी वर्षं मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवते. नानांच्या या वाक्याला माझ्याकडे पुरावा नव्हता. गल्ली ऐकणार ती फक्त आबांचं. हौद त्यांनीच बंद करवला होता, मासे त्यांच्याच शब्दावर परत गेले होते. मी आबांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. टेम्पो आलाय हेही सांगितलं. वाटलं, गाईचं ऐकून त्यांचा जीव घाबरेल. पण नाही सांगितलं तर ते मला आयुष्यभर माफ करणार नाहीत हेही माहीत होतं.

आबा म्हणाले, "नानाले फोन लाव. त्याले सांग, आवाज मोठा कर."

पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता. आबांनी फोन छातीवर ठेवला, कारण हात उचलत नव्हता.

"नाना, मी बोली राहिनू. बठ्ठासले ऐकू येऊ द्या. गाईनं काही चुकनं नही. मन्हं चुकनं."

गलका थांबला. हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, आणि गल्लीनेही नव्हते.

"ताप गाईमातून नही उना. मन्ही टाकीमातून उना. त्या अळ्या माले रोज दिसेत. मी सांगे, पानीना जीव शेत, राहू द्या. त्याच मच्छर बनीसन माले चावनात. ती बाई मासा लई उनी, मीच नको सांगं. तुम्हीन बी मन्हंच ऐकं." ते थांबले. दम लागला होता. मी फोन घ्यायला हात पुढे केला, त्यांनी मानेने नको म्हटलं. "आन नाना, तुमनी सून कण्हस. भिंतमातून माले ऐकू येस. तुमना गोऱ्हाले गाठ शे, म्हणीसन तुम्ही बी तोंड दाबी बशेल शेत. तिले दवाखानामा लई या. मन्ह्यागत करू नका."

मग फोन बंद झाला. तो नानांनी बंद केला की त्यांच्या फोनचा नेहमीसारखा जीव गेला, कळलं नाही. मी परत लावला, लागला नाही. अक्काही उचलेनात.

आबांनी डोळे मिटून घेतले. "गायले लई गयात व्हतीन," ते म्हणाले. ते रडत होते. ते इतके अशक्त होते की डोळे पुसायलाही त्यांना जमेना. मी पदराने पुसले. मला गावाचा, नानांचा, डासांचा आणि आबांचा, सगळ्यांचा एकदमच राग येत होता आणि काय करावं कळत नव्हतं.

दुपारी दवाखान्याच्या आवारात एक टेम्पो शिरला. मी खिडकीतून पाहिलं. मागे भुश्श्यावर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर नानांची सून आडवी, डोक्याशी नानांची बायको ओला फडका घेऊन. नाना पुढून उतरले आणि टेम्पोवाल्याच्या मदतीने सुनेला आत घेऊन आले. नर्सबाई भुश्श्याच्या काड्या झाडत झाडत ओरडल्या की हा गुरांचा टेम्पो आहे का. नाना म्हणाले, हो. सुनेला आत नेलं. तपासणीचं रक्त घेतलं. तिचाही डेंगूच निघाला, पण वेळेत आणली असं डॉक्टर म्हणाले.

मग नाना आमच्या खोलीच्या दाराशी आले. आत येईनात. आबांनी त्यांना पाहिलं. विचारायचं होतं ते आबांच्या ओठांपर्यंत येत होतं आणि मागे जात होतं. त्या माणसाला मी असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बांधेल शे," नाना म्हणाले. "तठेच शे, मच्छरदाणीमा. टाकी मी ओती दिनी. नवं पानी भरं, ते तिले पाजं, मंगच आम्ही निघनूत."

आबांनी पाय हळूहळू आखडून घेतले, आणि नाना येऊन खाटेच्या कडेवर बसले.